ब्रँड मॅनेजर व्हायचंय? मग एमआरची बॅग नीट वापरा

बी.फार्म. किंवा एमबीए हातात पडलं की पोरापोरींचे मला मेसेज येतात. प्रश्न ठरलेला: "मॅडम, मार्केटिंगमध्ये जायचंय. एमआरशिप करावीच लागेल का?" (एमआर म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, डॉक्टरांना भेटून कंपनीच्या औषधांची माहिती देणारा माणूस.) माझं उत्तरही ठरलेलं. करा, पण कशासाठी करताय ते पहिल्या महिन्यातच ठरवा. फील्डवर दहा-बारा वर्षं काढून पीएमटीच्या, म्हणजे ब्रँड सांभाळणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजमेंट टीमच्या, इंटरव्ह्यूत "सर, माझं अचीव्हमेंट चांगलं आहे" यापुढे शब्द न फुटलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि दोन-अडीच वर्षांत आपल्या टेरिटरीवर अर्धा तास न थांबता बोलणारी पोरंही पाहिली आहेत. बॅग दोघांनीही तेवढीच वाहिली होती.

मीही एमआर होते, माझं हेडक्वार्टर सांगली-मिरज. तासगाव, विटा, जयसिंगपूर एक्स-स्टेशन, म्हणजे जाऊन-येऊन करायची जवळची गावं, आणि जत आउटस्टेशन, म्हणजे लांबचं. आता मुंबईत डायबेटिसचे ब्रँड बघते. त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. साबण, चहा, मोबाइल विकणाऱ्याला टीव्हीवर जाहिरात करता येते. शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या, औषधाची जाहिरात जनतेसमोर करायला आपल्याकडे बंदी आहे. म्हणजे अंधेरीच्या ऑफिसात महिनाभर खपून केलेला ब्रँड प्लॅन, एजन्सीचं डिझाइन, मेडिकल डिपार्टमेंटने तपासलेले संदर्भ, हे सगळं शेवटी एका माणसाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानावर जातं, तेही दीड-दोन मिनिटांत. त्या दोन मिनिटांत तुम्ही कधी उभेच राहिला नसाल, तर प्लॅन कुणासाठी करताय?

चेंबरमध्ये डोळे उघडे ठेवा

नवीन एमआर चेंबरमध्ये शिरला की त्याचं सगळं लक्ष आपण काय बोलायचं यावर. सहा महिन्यांनी डिटेलिंग (डॉक्टरांना औषधाची माहिती सांगणं) तोंडपाठ झालं की डोकं मोकळं होतं. खरं शिक्षण तेव्हा सुरू होतं. डॉक्टर आधीच्या पेशंटचा केसपेपर पुरा करत असतात, मान खाली. व्हिज्युअल एड (औषधाचे मुद्दे दाखवायची छापील पानं) तुम्ही तिरकी धरलेली, वरून ट्यूबलाइटची चकाकी. आता टॅब आला, तर चकाकी दुप्पट. त्यांची नजर त्या पानावर दोनदा पडते, तीही ओझरती. कुठल्या शब्दावर मान वर झाली आणि कुठे परत खाली गेली, हे बघायला शिका. बाहेर आल्यावर, पुढच्या डॉक्टरकडे जाण्याआधी, ते लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, तुम्ही स्वतः त्या पानावरचं काय बोलता आणि काय गाळता, हेही टिपा. पानावर पाच मुद्दे असतात, एमआर दोन बोलतो. तेही स्वतःच्या मराठी-इंग्रजी खिचडीत. ही खिचडी सोन्याच्या मोलाची आहे. मी आज एजन्सीने पाठवलेली हेडलाइन आधी मोठ्याने बोलून बघते. फील्डवरचा माणूस जे वाक्य तोंडाने उच्चारणारच नाही, ते पानावर कितीही देखणं असो, खोडते.

तिसरी गोष्ट डॉक्टरांच्या होकाराची. "हो, लिहितो" याला काडीचा अर्थ नाही. "स्ट्रिप कितीला?", "कुठे मिळेल?", "पाचशे एमजीची आहे का?" असं विचारलं तर काहीतरी आहे. "दोन पेशंटना दिली होती, एकाला मळमळलं," असं म्हणाले तर तुमचा ब्रँड खरोखर वापरला गेलाय. तक्रार करणारा डॉक्टर हा गोड बोलणाऱ्यापेक्षा कामाचा. कंपाउंडरलाही विसरू नका. कुठल्या डॉक्टरकडे कुठल्या गावचे पेशंट येतात, सोमवारी गर्दी का, बाजाराच्या दिवशी ओपीडी किती वाजता संपते, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. (बाई एमआर असली की कंपाउंडर लवकर आत सोडतो, असं मला ऐकवणारे बरेच भेटले. ते कधी संध्याकाळी सातला जतच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभे राहिलेले नसावेत.)

एक तक्रार कशी वापरायची

डायबेटिसच्या मेटफॉर्मिनची एसआर (सस्टेन्ड रिलीज) गोळी घ्या. औषध हळूहळू सुटावं म्हणून ती खास पद्धतीने बनवलेली असते. काही ब्रँडमध्ये औषध सगळं शोषलं गेलं तरी गोळीचं मऊ कवच तसंच शौचावाटे बाहेर पडतं. पेशंट घाबरतो. डॉक्टरांना सांगतो, "साहेब, गोळी जशीच्या तशी पडतीय, विरघळतच नाही." गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर समजावत बसत नाहीत. ब्रँड बदलून मोकळे होतात.

ही तक्रार मिरजेत माझ्या कानावर आली. मिरजेला अथणी, चिक्कोडी, रायबागकडचे पेशंट खूप येतात. डॉक्टर कन्नडही बोलतात. असा पेशंट दोन-तीन महिन्यांनी एकदा येणार. मधल्या काळात त्याला शंका आली तर विचारायला कुणी नाही. तो सरळ गोळी बंद करतो.

आता बघा, हेच तीन माणसं तीन प्रकारे वापरतील. पहिला एमआर रिपोर्टमध्ये "क्वालिटी कम्प्लेंट" असं लिहून सुटेल. दुसरा डॉक्टरांना कवचाचं शास्त्र समजावेल आणि तो डॉक्टर हातचा जाऊ देणार नाही. तिसरा आसपासच्या आणखी डॉक्टरांना आणि केमिस्टना विचारेल, कुठल्या ब्रँडबाबत हे ऐकू येतं ते नोंदवेल आणि मॅनेजरमार्फत पीएमटीला चार ओळी पाठवेल: तक्रार ही, कारण हे, पेशंटच्या माहितीपत्रकात मराठी आणि कन्नडमध्ये "कवच पडलं तरी औषध शरीरात गेलेलं असतं" एवढं एक वाक्य द्या. मार्केटिंगला तिसरा माणूस हवा असतो. त्याच्याकडे डिग्री कुठली आहे हे मग कुणी फारसं बघत नाही.

दुपारी दोन ते चार, केमिस्टकडे

आरसीपीए (कुठल्या डॉक्टरची कुठली औषधं निघतात ते केमिस्टकडे जाऊन टिपणं) हा शब्द ऐकला की बऱ्याच एमआरना कंटाळा येतो. कागदावर अंदाजपंचे आकडे भरायचे आणि पुढे जायचं. पण मार्केटिंगमध्ये जायचं असेल तर मला विचाराल तर चेंबरपेक्षा काउंटर मोठा गुरू. ओपीडीच्या वेळेत जाऊ नका, केमिस्ट वैतागतो. दुपारी दुकान थंड असतं तेव्हा जा, गिऱ्हाईक आलं की न सांगता बाजूला सरका, आणि आपल्या ब्रँडबद्दल विचारायच्या आधी त्याच्या शॉर्टेजच्या (संपलेल्या औषधांच्या) वहीत आज काय काय आहे ते विचारा. त्या वहीवरून गावात काय चाललंय ते कळतं. पेशंटची नावं, चिठ्ठ्यांचे फोटो यांच्या वाटेला जाऊ नका. त्याची गरज नाही आणि ते बरंही दिसत नाही.

कात्री कशी चालते ते बघा. पुस्तकी हिशेबात डायबेटिसचा पेशंट महिन्याच्या तीस गोळ्या घेतो. विट्याच्या काउंटरवर तो "सध्या आठवड्याच्या द्या" म्हणतो. केमिस्ट दहाच्या स्ट्रिपमधून सात कापतो, आणि एक्सपायरी छापलेली कड आपल्याकडे राहील अशा बेताने कापतो. पेशंटच्या हातात गेलेल्या तुकड्यावर ब्रँडचं नाव अर्धवट असतं, कधी नुसतीच आडवी रेघ. पुढच्या आठवड्यात तो तुकडा दाखवून "हीच द्या" म्हणतो. नाव वाचता आलं नाही तर केमिस्ट आपल्या मर्जीची देतो. शेड्यूल एचच्या औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरं देता येत नाही, असा नियम आहे. पण इथे चिठ्ठी आहे कुठे? चिठ्ठी घरी ट्रंकेत आहे.

हे एकदा पाहिलेला माणूस पॅकेजिंगच्या मीटिंगला बसला की नाव स्ट्रिपवर किती ठिकाणी छापायचं, दहाची स्ट्रिप की पंधराची, यावर त्याला मत असतं. न पाहिलेला माणूस फक्त रंगावर बोलतो.

आकडे: प्रायमरीच्या नादी लागू नका

प्रायमरी म्हणजे कंपनीने स्टॉकिस्टला (घाऊक विक्रेत्याला) केलेली विक्री. सेकंडरी म्हणजे स्टॉकिस्टने केमिस्टला केलेली. महिनाअखेरीला टार्गेट गाठायला स्टॉकिस्टच्या गोडाऊनमध्ये माल ढकलायचा, हा खेळ फील्डवरच्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. सहा-आठ महिन्यांनी तोच माल एक्सपायरीच्या क्लेमच्या रूपात परत येतो. म्हणून स्टॉकिस्टचं स्टेटमेंट हाती आलं की क्लोजिंगपासून (महिनाअखेरीला उरलेल्या मालापासून) वाचायला सुरुवात करा.

किमतीची साखळीही स्वतःच्या हाताने एकदा मांडून बघा. समजा गोळीच्या स्ट्रिपची एमआरपी १०५ रुपये. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर ५ टक्के जीएसटी आहे, तो काढला की उरले १००. किंमत-नियंत्रणाबाहेरच्या औषधावर केमिस्टला २० टक्के आणि स्टॉकिस्टला १० टक्के ही बाजाराची रीत. म्हणजे केमिस्टला ८० ला पडते, स्टॉकिस्टला ७२ ला. कंपनीला मिळाले ७२. आता त्यावर "दहावर एक" (दहा घेतल्या की एक फुकट) स्कीम लावा: अकरा स्ट्रिपचे ७२० रुपये, म्हणजे स्ट्रिपमागे साडेपासष्टच्या आत. नियंत्रणाखालच्या औषधांवर ही टक्केवारी १६ आणि ८ अशी असते. जो एमआर "सर, स्कीम वाढवा" असं प्रत्येक मीटिंगला म्हणतो, त्याने हा हिशेब कधी केलेलाच नसतो. तुम्ही केला असेल तर इंटरव्ह्यूत तुमचं बोलणं आपोआप वेगळं वाटतं.

आणखी एक हिशेब, खास रोजच्या गोळीच्या औषधांसाठी. डॉक्टर म्हणाले, आठवड्याला दोन नवीन पेशंट सुरू करतो. महिन्याला आठ. सगळे टिकले तर पहिल्या महिन्यात दहाच्या चोवीस स्ट्रिप आणि बाराव्या महिन्यात शहाण्णव पेशंटच्या २८८. आजूबाजूच्या केमिस्टकडे मात्र नव्वदच निघतायत असं धरा. बाकीच्या कुठे गेल्या? डॉक्टरांनी लिहिल्याच नाहीत, केमिस्टने बदलल्या, पेशंटने अर्धी-अर्धी करून पुरवल्या, की दोन महिन्यांत बंद केल्या? प्रत्येक उत्तराला मार्केटिंगचं औषध वेगळं. ऑफिसात बसून फक्त विक्रीचा आकडा दिसतो, गळती कुठे आहे ते दिसत नाही.

जाता जाता डीसीआरबद्दल, म्हणजे एमआरने रोज भरायच्या डॉक्टरभेटींच्या (कॉलच्या) अहवालाबद्दल. ते कसं भरलं जातं हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. स्टँडवर उभ्या-उभ्या, आठवेल तसं, कधी न झालेले कॉलही. पुढे पीएमटीत तोच डेटा सुंदर ग्राफ होऊन स्क्रीनवर येतो: "कव्हरेज ९४ टक्के." फील्डवरून आलेला माणूस त्या ग्राफवर विसंबून कॅम्पेन बंद किंवा चालू करत नाही. आधी पाच जणांना फोन करतो.

एक वही, डीसीआरपेक्षा वेगळी

साधी शंभर पानी. फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण रोज. डॉक्टरांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत, स्पर्धक कंपनीचा नवीन मुद्दा, केमिस्टची कुरकुर, आणि ज्याचं कारण तुम्हाला कळलं नाही अशी कुठलीही गोष्ट. महिन्याच्या शेवटी वाचायचं आणि एक पान लिहायचं: माझा ब्रँड इथे का वाढला किंवा का अडकला. "टार्गेट जास्त होतं" हे कारण चालणार नाही.

एक सबंध वर्षचक्र बघितल्याशिवाय फील्ड सोडू नका. पावसाळ्यातले ताप-जुलाब, हिवाळ्यातला खोकला, मार्चची धावपळ. दुसऱ्या वर्षी तेच परत आलं की कुठला चढ ऋतूचा आणि कुठला तुमच्या कामाचा हे ओळखता येतं. तिसऱ्यानंतर बहुतेकांच्या वहीत नवीन काही येत नाही. माझ्या मते अडीच-तीन वर्षं पुरेत. एमबीए करून थेट मॅनेजमेंट ट्रेनी झाला असाल आणि कंपनी काही महिने फील्डवर पाठवत असेल, तर मुंबई-पुणे मागू नका. जिल्ह्याचं गाव मागा. तिथे डॉक्टर, स्टॉकिस्ट, केमिस्ट एका रस्त्यावर असतात आणि साखळी टोकापासून टोकापर्यंत दिसते.

नियम पाठ करा

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या फार्मास्युटिकल्स विभागाने यूसीपीएमपी ही मार्केटिंगची आचारसंहिता नव्याने आणली. डॉक्टरांना किंवा त्यांच्या घरच्यांना भेटवस्तू नाही, सहलीचा खर्च नाही. ब्रँडची आठवण देणारी माहितीपर वस्तू, म्हणजे पुस्तक, डायरी, कॅलेंडर वगैरे, एका नगाला १,००० रुपयांपर्यंत. सॅम्पल एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला जास्तीत जास्त १२ पाकिटं, एका पाकिटात तीन पेशंटपुरतं. आणि कंपनीच्या सगळ्या सॅम्पलची किंमत देशांतर्गत विक्रीच्या २ टक्क्यांच्या आत. "सुरक्षित" हा शब्द मोघम वापरायचा नाही. वर्षभरापेक्षा जास्त काळ बाजारात असलेल्या औषधाला "नवीन" म्हणायचं नाही.

इंटरव्ह्यूत मी हे हमखास विचारते. ज्याचा फील्डचा सगळा अनुभव "काय दिलं की डॉक्टर लिहितात" एवढाच आहे, त्याचा भाव पडलाय, आणि पडायलाच हवा होता.

अर्ज आणि इंटरव्ह्यू

बाहेर अर्ज करण्याआधी आपल्याच कंपनीत बघा. पीएमटीतली जागा निघते तेव्हा आधी एबीएम-आरएसएमकडे (एरिया आणि रीजनल मॅनेजरांकडे) विचारणा होते. तुमचं नाव तेव्हा निघायचं असेल तर आधीच्या वर्षभरात तुमची ती महिन्याची एक-एक पानं वर गेलेली असली पाहिजेत. सायकल मीटिंगला (फील्ड टीमच्या ठरावीक काळाने होणाऱ्या मीटिंगला) मुंबईची मंडळी येतात तेव्हा सेल्फीपेक्षा एखादा नेमका प्रश्न विचारा.

एक्सेल शिका, पिव्हॉट टेबल आलंच पाहिजे. आयक्यूव्हिया किंवा फार्मारॅक (आधीचं एडब्ल्यूएसीएस) या कंपन्यांचा औषधविक्रीचा डेटा कसा असतो, मॅट म्हणजे सरत्या बारा महिन्यांची बेरीज, रुपयातला शेअर आणि युनिटमधला शेअर वेगळा का येतो, एवढं तरी यायला हवं.

इंटरव्ह्यूत "११२ टक्के अचीव्हमेंट" एका वाक्यात सांगून संपवा. पुढे असं काहीतरी यायला हवं: "माझ्या टेरिटरीत ब्रँड सात महिने अडकला होता. केमिस्टकडे बघितलं तर नवीन पेशंट येत होते, पण तिसऱ्या महिन्यात गळत होते. कारण गोळीचा आकार. डॉक्टरांशी बोलताना मी साइझचा विषय आधीच काढायला लागले, जेवणासोबत घ्यायला सांगा म्हटलं, आणि वयस्कर पेशंटसाठी कमी स्ट्रेंग्थ सुचवली." टेबलापलीकडचा माणूस इथे पेन उचलतो.

आणि "नवीन लाँच कसा कराल?" हा प्रश्न येणारच. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं तेव्हाचं आठवा. साठ रुपयांच्या आसपासची गोळी काही ब्रँडनी दहाच्या आत आणली, आणि एकाच आठवड्यात डझनांनी ब्रँड बाजारात. एकाच डॉक्टरच्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांच्या बॅगेत तेच औषध. अशा वेळी स्लाइडवरचा क्लिनिकल डेटा सगळ्यांचा सारखाच असतो. ज्या चेंबरमध्ये डिटेलिंग होणार, त्याच्या शेजारच्या दोन मेडिकलमध्ये पहिल्या दिवशी स्ट्रिप आहे का, नाव गर्दीत लिहायला सोपं आहे का, यावर बरंच ठरतं. उत्तराची सुरुवात तिथून करा.

एक सावधगिरी. तुमची टेरिटरी म्हणजे भारत नव्हे. सांगलीत जे चालतं ते पाटण्यात किंवा मदुराईत चालेलच असं नाही. "आमच्या फील्डवर असं होतं" हे वाक्य पीएमटीत महिनाभर कौतुकाने ऐकतात, मग लोक डोळे फिरवतात. तिथेही दर महिन्याला नव्या गावात काम करा, आणि शक्य असेल तर मॅनेजरांचा ताफा न घेता. मुंबईहून ब्रँड मॅनेजर आलेत म्हटलं की डॉक्टर "छान आहे" म्हणतात. खरं ऐकायचं तर एकट्या एमआरबरोबर जा, बॅग बंद करा आणि मग विचारा.

पैशाचंही स्पष्ट बोलून घ्या. प्रॉडक्ट एक्झिक्युटिव्ह म्हणून सुरुवात होते. पगार कागदावर वाढतो, पण इन्सेंटिव्ह जातं, डीए-टीए (रोजचा आणि प्रवासाचा भत्ता) जातं, वर मुंबईचं भाडं. चांगलं इन्सेंटिव्ह कमावणाऱ्याच्या हातात पहिली एक-दोन वर्षं कमी पडू शकतात. घरी आधी सांगून ठेवा.

आणि निघताना टेरिटरी नीट सोपवा. डॉक्टर लिस्ट खरी करून द्या, सॅम्पलचा हिशेब पुरा करा, स्टॉकिस्टचे अडकलेले एक्सपायरी आणि ब्रेकेजचे क्लेम पाठपुरावा करून मिटवा. नव्या ब्रँडचा पहिला अंदाज बांधताना तुम्ही सगळ्यात आधी फोन त्याच स्टॉकिस्टला लावणार आहात, आणि जुना क्लेम बाकी असेल तर तो बोलणं तिथूनच सुरू करेल.